पिकअपचे इंजिन आणि क्विंटलमागे जळणारे डिझेल

शेतमाल पिकविण्यास आलेल्या खर्चाचा हिशेब शेतकऱ्याच्या तोंडी असतो. रोपे, खते, औषधे, बांधणीची सुतळी, तोडणीची मजुरी यांचे आकडे तो न अडखळता सांगतो. परंतु शेताच्या बांधापासून बाजार समितीच्या आवारापर्यंत एक क्विंटल माल नेण्यास किती डिझेल जळाले, असे विचारल्यास उत्तर मिळते ते गाडीच्या ‘अ‍ॅव्हरेज’चे, आणि तेही पुष्कळदा गाडी विकणाऱ्याने सांगितलेले असते. भाव चढा असतो तोवर ही उणीव खपून जाते. भाव कोसळला, तोडणी आणि वाहतूकही सुटेनाशी झाली, म्हणजे मात्र कॅरेटमागील पाच-सात रुपयांचा फरकच माल बाजारात न्यावा की वेलीवर सोडून द्यावा हे ठरवितो. म्हणून पिकअप घेताना, भाड्याने ठरविताना आणि चालविताना तेलाचा हिशेब कसा करावा, याचा विचार येथे केला आहे.

खेड्यापाड्यांतून मालवाहतुकीचे स्वरूप गेल्या वीस वर्षांत पुष्कळच पालटले. मे २००५ मध्ये टाटा मोटर्सने ‘एस’ ही गाडी बाजारात आणली. ७०२ सीसीचे, दोन सिलिंडरांचे, १६ अश्वशक्तीचे डिझेल इंजिन आणि सुमारे पाऊण टन माल नेण्याची क्षमता असलेल्या या गाडीला लोकांनी ‘छोटा हत्ती’ हे नाव दिले व ते आजतागायत टिकून आहे. २०११ साली अशोक लेलँडची ‘दोस्त’ आली; तिचे इंजिन १,४७८ सीसीचे व तीन सिलिंडरांचे होते आणि ती सव्वा टन माल नेई. महिंद्राच्या बोलेरो पिकअपचे इंजिन २,५२३ सीसीचे, चार सिलिंडरांचे असून तिच्या एका प्रकाराची क्षमता १.७ टन आहे. म्हणजे साधारणपणे सातशे, दीड हजार आणि अडीच हजार सीसी अशा तीन पायऱ्या शेतकऱ्यापुढे असतात, आणि त्यांपैकी कोणती निवडावी हा प्रश्न त्याला पडतो.

येथे एक गोष्ट आधीच लक्षात घेणे अगत्याचे आहे. सीसीचा आकडा म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरांत मावणारी जागा. ओढण्याची ताकद म्हणजे तो आकडा नव्हे. टाटाच्याच ‘इंट्रा व्ही ३०’ व ‘इंट्रा व्ही ५०’ या दोन्ही गाड्यांचे इंजिन १,४९६ सीसीचे आहे. परंतु एकीची पीळशक्ती, ज्याला कारागीर ‘टॉर्क’ म्हणतात ती, १४० न्यूटन-मीटर आहे, तर दुसरीची २२०. आणि त्यांच्यावर लादावयाचा माल अनुक्रमे १,३०० व १,५०० किलो आहे. ‘दीड हजार सीसीची गाडी’ एवढे सांगून त्यामुळे पुरे होत नाही. नोंदणी पुस्तकातील एकूण वजन आणि रिकाम्या गाडीचे वजन ही दोन्ही पाहावीत. त्यांच्या वजाबाकीतून चालक, बरोबरची माणसे व नंतर बसविलेली लोखंडी जाळी यांचे वजन वजा करावे. जे उरेल तीच खरी क्षमता. जाड पत्र्याचा हौदा व उंच जाळी बसविताना ती पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही.

पत्रकातील आकडा व रस्त्यावरील आकडा

गाडीच्या मायलेजची अधिकृत चाचणी प्रयोगशाळेत, फिरत्या रोलरवर चाके ठेवून, ठराविक वेगांच्या क्रमाने घेतली जाते. सर्व गाड्यांना एकच कसोटी लावावयाची म्हणून ही पद्धत योग्यच आहे, आणि तिच्यावरून दोन गाड्यांची परस्परांशी तुलनाही करता येते. परंतु त्या चाचणीत गाडी चिखलाच्या पाणंदीतून निघालेली नसते, कॅरेटच्या सहा थरांवर बांधलेली ताडपत्री वाऱ्याने फडफडत नसते, आणि बाजाराच्या फाटकाशी इंजिन चालू ठेवून तासभर रांगेत उभे राहावेही लागलेले नसते. पत्रकातील आकडा व स्वतःच्या रस्त्यावरील आकडा यांत अंतर पडले म्हणून कोणी फसविले, असे समजण्याचे कारण नाही. दोन्ही आकडे खरे असू शकतात. मात्र ते निरनिराळ्या कामांचे आकडे आहेत.

इंजिनाच्या आकाराचा या अंतराशी काय संबंध आहे, हे बैलांच्या उदाहरणावरून चटकन समजेल. थोराड बैलजोडी रिकाम्या गाडीला जुंपली तरी तिला वैरण जवळजवळ तेवढीच लागते. उलट, पुरती न वाढलेली खोंडांची जोडी भरल्या गाडीला जुंपली तर ती चार पावलांवर थांबते, धापा टाकते, आणि दिवसाच्या कामाला दोन दिवस लावते. इंजिनाचेही असेच आहे. मोठ्या इंजिनाचे दट्ट्ये, वंगणाचा पंप, गिअर व चाके हालविण्यातच ठराविक तेल खर्ची पडते. माल असो वा नसो, हा खर्च चुकत नाही. लहान इंजिनाचा हा बांधील खर्च कमी असतो, पण त्याच्यावर ताकदीबाहेर भार पडला की चालकास गिअर खाली घ्यावा लागतो, इंजिनाचे फेरे वाढतात, पायाखालचे पेडल पूर्ण दाबलेले राहते, आणि तेवढ्याच अंतरासाठी अधिक तेल जळते. डिझेल इंजिन आपल्या शक्तीच्या साधारण पाऊण हिश्शाने, मध्यम फेऱ्यांवर चालत असते तेव्हा तेलाचे सर्वांत चांगले चीज होते. मुद्दा इंजिन लहान की मोठे हा नसून, नेहमीचा भार त्याला कितपत साजेसा आहे हा आहे.

एक प्रत्यक्ष हिशेब

समजा, एका टोमॅटो उत्पादकाच्या शेतापासून बाजारपेठ ४५ किलोमीटरांवर आहे. जाताना गाडी भरलेली आणि येताना रिकामी, असे ९० किलोमीटरांचे जाणे-येणे होते. पुढील मायलेजचे आकडे केवळ हिशेबापुरते धरलेले आहेत. प्रत्येकाने आपल्या गाडीचे आकडे त्यांच्या जागी घालावेत. डिझेलचा दर सोयीसाठी लिटरला ९० रुपये धरला आहे व एका कॅरेटमध्ये २० किलो माल धरला आहे.

सातशे सीसीची गाडी साडेसात क्विंटल माल घेऊन जाताना लिटरला १६ व रिकामी परतताना २० किलोमीटर धावली, तर एका खेपेस ५ लिटर डिझेल लागेल. दीड हजार सीसीची गाडी १३ क्विंटल घेऊन जाताना १४ व परतताना १८ धावली, तर ५.७ लिटर लागेल. अडीच हजार सीसीची गाडी १७ क्विंटल घेऊन जाताना ११ व परतताना १४ धावली, तर ७.३ लिटर लागेल. केवळ ‘अ‍ॅव्हरेज’ पाहणारा माणूस लहान गाडीला पहिला क्रमांक देईल. परंतु क्विंटलमागे पाहिले तर चित्र उलटते. लहान गाडीस क्विंटलमागे सुमारे ०.६७ लिटर, मध्यम गाडीस ०.४४ लिटर व मोठ्या गाडीस ०.४३ लिटर डिझेल लागले. कॅरेटच्या भाषेत बोलावयाचे तर लहान गाडीत एका कॅरेटला १२ रुपयांचे व उरलेल्या दोहोंत सुमारे ८ रुपयांचे डिझेल जळाले.

मात्र हे सर्व गाडी पूर्ण भरली तर. त्याच शेतकऱ्याचा रोजचा तोडा सहाच क्विंटलांचा, म्हणजे ३० कॅरेटचा असेल तर काय होईल? लहान गाडीला पूर्वीइतकेच, पाच लिटरच्या आतबाहेर लागेल व कॅरेटमागे १५ रुपये पडतील. मोठी गाडी हलक्या भाराने जाताना थोडी बरी, समजा साडेबारा धावली, तरी तिला ६.८ लिटर लागतील व कॅरेटमागे २० रुपये पडतील. पूर्ण भरली असताना जी सर्वांत स्वस्त होती, तीच अर्ध्याहून कमी भाराला सर्वांत महाग ठरली. मध्यम गाडीला येथे ५.३ लिटर, म्हणजे कॅरेटमागे १६ रुपयांच्या आसपास लागतील.

आता तोडा १२ क्विंटलांचा धरा. लहान गाडीला दोन खेपा व १० लिटर. मध्यम गाडीला एक खेप व सुमारे ५.६५ लिटर, मोठीला एक खेप व सुमारे ७.१ लिटर. साठ दिवस असा तोडा चालला, तर लहान गाडी मध्यम गाडीपेक्षा २६१ लिटर डिझेल अधिक घेईल. त्याचे साडेतेवीस हजार रुपये होतात. मोठी गाडी मध्यमपेक्षा ८७ लिटर, म्हणजे जवळजवळ आठ हजार रुपये अधिक घेईल. शिवाय दोन खेपांत चालकाचा दिवस मोडतो व दुसऱ्या खेपेचा माल लिलाव उरकल्यावर पोचतो, हे वेगळेच.

दोन खेपा टाळण्यासाठी लहान गाडीवरच बारा क्विंटल रचण्याचा मोह होतो, आणि तो कोठे कोठे राजरोस पुरविलाही जातो. पाटे, टायर, ब्रेक व क्लच यांची किंमत तेलाच्या हिशेबात दिसत नाही, इतकेच. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या सुधारणेनुसार, कलम १९४ अन्वये जादा भारासाठी २०,००० रुपये व जादा भाराच्या प्रत्येक टनामागे आणखी २,००० रुपये दंडाची तरतूद आहे. वरील उदाहरणात साठ दिवसांत वाचणारे सारे डिझेल अशा एका दंडात जाऊ शकते. आणि भाराने दबलेल्या गाडीस ऐन वेळी ब्रेक लागले नाहीत तर होणारी हानी कोणत्याच हिशेबात मांडता येत नाही.

घाटाचा जमाखर्च

महाराष्ट्रात या प्रश्नाला घाटाची एक वेगळी बाजू आहे. कोकणपट्टी समुद्रसपाटीलगत आणि देशावरील पठाराची कड सुमारे सहाशे मीटर उंचीवर. पुणे साधारण ५६० मीटर उंचीवर आहे. कोणता माल कोणत्या दिशेने जातो यावर तेलाचा खर्च फार अवलंबून असतो.

एक टन वजन शंभर मीटर उंच चढविण्यास लागणारी ऊर्जा निसर्गाने ठरवून दिलेली आहे. तीत इंजिनाच्या आकाराने काही फरक पडत नाही. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे ३६ मेगाज्यूल ऊर्जा असते व तिच्यापैकी साधारणपणे तीन दशांश चाकापर्यंत पोचते. त्यावरून हिशेब केला तर दर टनास दर शंभर मीटर चढासाठी सुमारे ९० मिलिलिटर डिझेल, सपाट रस्त्याच्या खर्चाखेरीज अधिक, लागते. रत्नागिरीकडून आंब्याच्या पेट्या घेऊन आंबा घाटाने कोल्हापुरास निघालेली गाडी मालासह तीन टनांची असेल आणि तिला साडेपाचशे मीटर चढावयाचे असेल, तर केवळ चढापायी सुमारे दीड लिटर डिझेल जादा लागेल. परतताना गाडी रिकामी उतरते. पण हे दीड लिटर काही परत मिळत नाही, त्यातील बहुतेक ऊर्जा ब्रेकच्या उष्णतेत जाते.

नाशिककडील भाजीपाला वाशीच्या बाजारात जातो तेव्हा याच्या उलट घडते. भरलेली गाडी कसारा घाट उतरते आणि रिकामी चढते. रिकामी गाडी दीड टनाची असेल तर चढाचा जादा खर्च पाऊण लिटरवर भागतो. म्हणून नाशिकच्या शेतकऱ्याने सांगितलेले मायलेज कोकणातील बागायतदाराने आपल्यासाठी धरू नये. गाडी तीच असली तरी तिच्याकडून घेतलेले काम वेगळे आहे.

चढाचे तेल इंजिनाच्या आकारावर अवलंबून नसले तरी चढण्याची रीत त्यावर अवलंबून असते. पंधरास एक अशा चढावर १६ अश्वशक्तीची, पूर्ण भरलेली लहान गाडी तासाला तीस किलोमीटरांहून फारशी वेगाने जाऊ शकत नाही, हे गणितानेच निघते. वाहतुकीत अडकून थांबल्यास तिला पुन्हा पहिल्या गिअरपासून आरंभ करावा लागतो व क्लच घासतो. ज्यांचा भरलेला माल वर्षातून पुष्कळ वेळा घाट चढतो, त्यांनी सपाटीवरील गरजेपेक्षा अधिक पीळशक्तीची गाडी पाहावी. ज्यांचा माल घाट उतरतो त्यांनी शक्तीपेक्षा ब्रेक व टायर यांकडे अधिक लक्ष द्यावे.

याच संदर्भात एका घातक समजुतीचा उल्लेख करणे आवश्यक आहे. घाट उतरताना गाडी ‘न्यूट्रल’ करून सोडल्यास डिझेल वाचते, असे अनेक चालक मानतात. काही जण इंजिनही बंद करतात. गाडी गिअरमध्ये असून पेडलवरून पाय काढलेला असेल, तर चाकेच इंजिनाला फिरवितात आणि इंधनपंप तेल तोडतो. त्या वेळी जवळजवळ काहीच जळत नाही. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन स्वतःच्या बळावर चालू ठेवावे लागते व त्यासाठी तेल लागतेच. म्हणजे बचत तर होत नाही, आणि इंजिनाचा आवर नाहीसा झाल्याने सारा भार ब्रेकवर पडून ते तापतात व पकड सोडतात. इंजिन बंद केल्यास ब्रेकला मिळणारे साहाय्यही जाते. ज्या गिअरमध्ये घाट चढावा लागेल त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम आजही योग्य आहे.

चालविणाऱ्याच्या हातातील तेल

इंजिन एकदा घेतले की ते बदलता येत नाही, परंतु त्याच इंजिनातून अधिक काम घेणे चालकाच्या हाती असते. वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ६० ऐवजी ८० किलोमीटरने गेल्यास हा अडथळा पावणेदोन पटींहून थोडा अधिक होतो, आणि उंच रचलेल्या कॅरेटमुळे गाडीचे तोंडच मोठे होत असल्याने पिकअपला त्याची झळ मोटारीपेक्षा जास्त लागते. ४५ ते ५५ किलोमीटरांचा एकसारखा वेग तेलाच्या दृष्टीने चांगला. पहाटेच्या लिलावासाठी अर्धा तास लवकर निघणे हे वाटेत ऐंशीने धावण्यापेक्षा स्वस्त पडते. थर केबिनच्या उंचीच्या वर शक्यतो जाऊ देऊ नयेत, ताडपत्री घट्ट बांधावी आणि परतताना रिकामी कॅरेट एकात एक बसवून केबिनच्या पाठीशी खाली ठेवावीत.

टायरमधील हवेकडे दुर्लक्ष होते ते एका विचित्र कारणाने. रिकाम्या गाडीला पूर्ण हवा भरली की ती उड्या मारते, म्हणून चालक हवा कमी ठेवतो आणि तशीच माल भरतो. दबलेला टायर तापतो, त्याच्या कडा झिजतात व इंजिनाला अधिक ओढावे लागते. भरल्या गाडीसाठी दिलेला दाब टायर थंड असताना, माल भरण्यापूर्वी तपासावा.

उभ्या गाडीचे इंजिन चालू ठेवणे ही दुसरी गळती होय. अडीच हजार सीसीचे इंजिन नुसते चालू ठेवले तर तासाला साधारणपणे अर्धा ते पाऊण लिटर डिझेल घेते. सातशे सीसीचे याहून बरेच कमी घेते. शेतात माल भरताना व बाजारात रांगेत मिळून रोज दीड तास इंजिन चालू राहत असेल, तर मोठ्या गाडीचे जवळजवळ एक लिटर तेल एक पाऊलही पुढे न सरकता संपते. ‘अ‍ॅव्हरेज पडले’ म्हणून गॅरेजात नेलेल्या कित्येक गाड्यांचा दोष इंजिनात नसून या रांगेत असतो.

एप्रिल २०२० पासून विकल्या गेलेल्या गाड्या भारत स्टेज सहा या मानकाच्या आहेत. त्यांची इंधनव्यवस्था नाजूक असते. ट्रॅक्टरसाठी पिंपात साठविलेले, पाणी व गाळ मिसळलेले डिझेल त्यांत ओतू नये. ज्या गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडविणारी गाळणी असते, तिच्यातील काजळी जाळण्यासाठी इंजिन काही काळ एकसारखे व गरम चालावे लागते. सतत दोन-चार किलोमीटरांच्याच खेपा होत असतील तर आठवड्यातून एखादी लांब खेप होईल असे पाहावे. एअर फिल्टर उन्हाळ्यात कच्च्या रस्त्यावरील धुळीने लवकर तुंबतो.

सीएनजीवर चालणाऱ्या लहान गाड्याही आता गावांत दिसू लागल्या आहेत. सीएनजी किलोवर विकला जातो व डिझेल लिटरवर, तेव्हा दोहोंच्या मायलेजची सरळ तुलना करू नये. किलोमीटरमागे रुपये काढून तुलना करावी. टाकीच्या वजनाने मालाची क्षमता किती घटते आणि पंप वाटेवर आहे की वाट वाकडी करून जावे लागते, हे दोन प्रश्न आधी विचारावेत.

मोजणी कशी करावी

मोजण्याची खात्रीची व बिनखर्चाची पद्धत म्हणजे टाकी काठोकाठ भरण्याची. टाकी पूर्ण भरून किलोमीटरचा आकडा लिहावा. नेहमीप्रमाणे गाडी चालवावी. नंतर शक्यतो त्याच पंपावर, त्याच जागी गाडी उभी करून पुन्हा तेवढीच भरावी. दुसऱ्या वेळी मावलेले डिझेल म्हणजे मधल्या अंतराचा खर्च. एकाच खेपेवरून निष्कर्ष काढू नये. टाकी भरताना एका लिटरचा कमीजास्तपणा सहज होतो. दहा लिटरांच्या मोजणीत तो दहा टक्के चूक करतो, तर पन्नास लिटरांच्या मोजणीत दोन टक्केच. म्हणून निदान पाच-सहाशे किलोमीटर सलग मोजावे. टायर वेगळ्या मापाचे बसविले असल्यास किलोमीटरचा काटाच चुकीचे दाखवितो. रस्त्यावरील दहा किलोमीटरच्या दगडांशी त्याचा ताळा पाहावा.

वहीत तारीख, काट्यावरील किलोमीटर, भरलेले डिझेल, जाताना नेलेला माल व येताना आणलेला माल, एवढे पाच रकाने पुरेत. मालाचे वजन अंदाजाने न लिहिता बाजार समितीच्या वजनकाट्याच्या चिठ्ठीवरून लिहावे. गाडीच्या काचेवर नाव रंगवून घेण्यास जेवढा खर्च येतो त्याहून या वहीस कमी लागतो. महिन्याअखेर एकूण डिझेलास एकूण क्विंटलांनी भागावे. रिकाम्या परतीच्या खेपेत खताच्या गोण्या, पेंड, रोपांचे ट्रे किंवा गावच्या दुकानाचा माल मिळाला, तर हा भागाकार किती झपाट्याने खाली येतो हे वहीच दाखवील. वरील उदाहरणातील मध्यम गाडीला परतीस सहा क्विंटल मिळाले व ती त्या भाराने १६ धावली, तर क्विंटलमागे डिझेल ०.४४ वरून ०.३२ लिटरवर येते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना याचे प्रात्यक्षिक सहज घेता येईल. गावातील निरनिराळ्या आकाराच्या तीन गाड्या निवडून, एकाच रस्त्यावर, एकाच आठवड्यात, प्रत्येकीवर आधी तिच्या क्षमतेइतका व नंतर सारखाच सहा क्विंटल माल ठेवून मोजणी करावी. चालक आळीपाळीने बदलावेत, म्हणजे गाडीचा गुण व चालकाचा गुण वेगवेगळे दिसतील. निष्कर्ष चावडीवर किंवा शेतकरी उत्पादक कंपनीच्या कार्यालयात फळ्यावर लिहावेत. दुसऱ्या गावाच्या आकड्यांपेक्षा आपल्या पाणंदीचे व आपल्या घाटाचे आकडे लोकांना अधिक पटतात.

घ्यावी कोणती?

वर्षभराच्या तोड्यांची यादी समोर ठेवावी आणि सर्वांत मोठ्या दिवसाऐवजी पुष्कळदा येणाऱ्या दिवसाकडे पाहावे. वर्षात दहा दिवस पंधरा क्विंटल व दीडशे दिवस सहा क्विंटल निघत असतील, तर सहा क्विंटलांची गाडी घेऊन त्या दहा दिवसांपुरती मोठी गाडी भाड्याने आणावी. याच्या उलट करण्याकडे, म्हणजे दहा दिवसांसाठी मोठी गाडी घेऊन दीडशे दिवस ती अर्धी रिकामी पळविण्याकडे, तरुण शेतकऱ्यांचा कल दिसतो. कर्जाचा हप्ता मात्र बारमाही असतो. शेजारच्या दोन शेतकऱ्यांचे प्रत्येकी सहा क्विंटल एकाच मध्यम गाडीतून गेले, तर वरील हिशेबाने दहा लिटरांचे काम पावणेसहा लिटरांत होते. यासाठी दोघांनी तोड्याचे वार जुळवून घ्यावे लागतात व बाजारातही एकमेकांच्या मालाची चिठ्ठी वेगळी ठेवावी लागते, आणि बहुतेक ठिकाणी मेळ बिनसतो तो येथेच. कॅरेटवर निरनिराळ्या रंगांचे पट्टे मारणे व भाडे खेपेवर न ठरविता कॅरेटवर ठरविणे या दोन गोष्टी सुरुवातीलाच केल्या तर पुढील वाद पुष्कळ टळतात.

गाडी भाड्याने लावताना भाडे किलोमीटरवर ठरते की क्विंटलवर, हे विचारून घ्यावे. किलोमीटरवर ठरलेल्या भाड्यात गाडी अर्धी भरली तरी शेतकऱ्याला पूर्ण पैसे द्यावे लागतात. क्विंटलवर ठरलेल्या भाड्यात गाडीमालक क्षमतेहून अधिक भरण्याच्या मागे लागतो. दुसऱ्या प्रकारात नोंदणी पुस्तक मागून घेऊन क्षमतेचा आकडा सौद्याच्या कागदावर लिहून घ्यावा, आणि माल भरून झाल्यावर हौद्याचा मागचा फाळका लावण्यापूर्वी पाट्यांकडे एकवार वाकून पाहावे. पाटे सरळ होऊन उलटे वाकू लागले असतील तर वरचे दोन थर उतरवून घ्यावेत.